टर्मला १५ डॉलर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की लढाया पुरे, आता काहीतरी वेगळं करा. म्हणून आजचा विषय आहे फी. शाळेची फी. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण थांबा जरा. आज आपण केनियात जाणार आहोत, मध्येच आपल्या औंधच्या एका राजपुत्राला भेटणार आहोत, आणि सुरुवात माझ्या बँकेच्या एसेमेसने होणार आहे.

दर महिन्याच्या ५ तारखेला मला मेसेज येतो, १,२०० रुपये डेबिट. पहिली नोकरी लागली त्या महिन्यापासून. एक संस्था आहे, नाव घेत नाही, तिच्यामार्फत मी एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलते. बदल्यात वर्षातून तीन-चार वेळा पीडीएफ येते. फोटो, मार्कशीट, आणि तिच्या हातचं पत्र. मागच्या दिवाळीत कळलं की माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मित्रही त्याच संस्थेत पैसे भरतो. सहज म्हणून आम्ही पत्रं शेजारी-शेजारी ठेवली. अक्षर वेगळं, चित्र वेगळं, मजकूर मात्र शब्दन् शब्द तोच. इथे पाऊस चांगला झाला, मला गणित आवडते, तुम्ही कसे आहात. माझ्यात "ताई", त्याच्यात "दादा". अहो, मी दिवसभर टेम्प्लेटच तपासते! व्हेरिएबल कुठे भरलाय हे मला झोपेतही दिसतं.

डोकं फिरलं. घरी आले, अ‍ॅप उघडलं, ऑटो-डेबिट बंद करायच्या बटणापर्यंत पोचले. आणि मग म्हटलं, आधी बघू तरी ही भानगड सुरू कुठून झाली. एक मूल, एक दाता, एक फोटो, एक पत्र, हे डिझाइन कुणाचं?

तर हा साचा पक्का झाला १९३७ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धात. जॉन लँगडन-डेव्हिस नावाचा ब्रिटिश पत्रकार तिथे होता. त्याला एक लहान मुलगा भेटला, होझे नावाचा, बापाची चिठ्ठी जवळ असलेला. चिठ्ठीचा मतलब असा, की शहर पडलं की मला गोळ्या घालतील, ज्याला कुणाला हा सापडेल त्याने याला सांभाळावं. त्यातून त्याने योजना काढली, ब्रिटनमधल्या एका माणसाने स्पेनमधल्या एका मुलाचा खर्च उचलायचा. "हजारो निर्वासित" म्हटलं की लोक हळहळतात आणि पेपर मिटतात. "हा होझे" म्हटलं की खिशात हात जातो. पुढे हीच योजना युरोपातून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत पसरली, आणि तशा आणखी कित्येक संस्था उभ्या राहिल्या.

पण मला शोधता शोधता जी गोष्ट लागली ती केनियाची होती. २०१० साली 'अ स्मॉल अ‍ॅक्ट' नावाची डॉक्युमेंटरी आली, जेनिफर अर्नल्ड या दिग्दर्शिकेची. रात्री दीड वाजेपर्यंत बघत बसले.

नैरोबीच्या उत्तरेला किआंबू नावाचा डोंगराळ भाग आहे. चहा-कॉफीचे मळे, किकुयू लोकांची वस्ती. तिथल्या मिटाहाटो गावात क्रिस म्बुरू नावाचा मुलगा होता. हुशार, आणि घरी पैशांची चणचण. त्याची फी भरली स्वीडनमधल्या एका बाईने. किती? टर्मला साधारण १५ डॉलर. वर्षाच्या तीन टर्म, म्हणजे ४५. बाईंचं नाव हिल्डे बाक. कुणी गर्भश्रीमंत नव्हे, लहान मुलांच्या शाळेतली शिक्षिका. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते.

मुलगा शिकत गेला. नैरोबी विद्यापीठातून कायदा, मग थेट हार्वर्ड लॉ स्कूल, मग संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचं काम. २००१ मध्ये त्याने आपल्या भागातल्या गरीब मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आणि तिला त्या बाईंचं नाव दिलं, हिल्डे बाक एज्युकेशन फंड. नाव देताना त्या कुठे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याने केनियातल्या स्वीडिश वकिलातीला विनंती केली की या बाईंना शोधा. सापडल्या, छोट्याशा फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या हिल्डे आजी. त्यांना आपण एवढं काही केलंय असं वाटतच नव्हतं. २००३ मध्ये त्या केनियाला गेल्या. सगळं गाव लोटलं होतं, नाचगाणी, भाषणं, आणि आजी मध्ये अवघडून उभ्या.

हिल्डे बाक यांचा जन्म १९२२ चा, जर्मनीतला, ज्यू कुटुंबात. नाझी सत्तेत ज्यू मुलांना शाळेतून काढलं, तशा त्याही घरी बसल्या. किशोरवयात कशाबशा स्वीडनला पोचल्या, आईवडील मात्र छळछावण्यांत गेले आणि परत आले नाहीत. म्बुरूची सगळी नोकरी वंशद्वेष आणि नरसंहार याच विषयांतली, आणि आपली फी कुणी भरली होती हे त्याला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. २०२१ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

इथपर्यंत मी डोळे पुसत होते, हे कबूल करते. पण मग डोक्यातला इंजिनियर जागा झाला. मुळात ४५ डॉलरवरून एका हुशार मुलाचं शिक्षण अडत का होतं? हे फीचं फाटक तिथे बसवलं कुणी?

त्यासाठी मागे जावं लागेल, १९२९ मध्ये.

ब्रिटिशांच्या केनियात आफ्रिकन मुलांच्या शाळा बहुतेक सगळ्या मिशनऱ्यांच्या हातात होत्या. १९२९ मध्ये किकुयू समाज आणि मिशनांचं जोरदार भांडण झालं, मुलींच्या सुंतेच्या प्रथेवरून. प्रथा क्रूर होती, त्यात मला शंका नाही. पण मिशनांनी मार्ग निवडला तो असा, की प्रथा सोडल्याचं जाहीर करा, नाहीतर चर्चमधून आणि शाळेतून बाहेर. मोठ्यांच्या भांडणात पोरांची शाळा ओलीस! या वादात कुणाची बाजू घ्यायची हे मला आजही ठरवता येत नाही. झालं असं की हजारो किकुयूंनी मिशनं सोडली आणि स्वतःच्या शाळा काढल्या.

आणि या शाळा कशा उभ्या राहिल्या बघा. किकुयूंमध्ये बरोबरीच्या वयाच्या लोकांचा एक गट असतो, त्याला म्हणतात रीका. एकत्र मोठे झालेले, आपल्याकडे वर्गमित्रांची बॅच असते ना, तसे, पण आयुष्यभरासाठी. शिक्षक तयार करायला गिथुंगुरीला कॉलेज काढायचं ठरलं, १९३९ मध्ये ते सुरू झालं. ते काढलं म्बियू कोइनांगे यांनी. अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठापर्यंत शिकून आलेला हा माणूस. पैसे गोळा करायला रीका-रीकांमध्ये चुरस लागायची, त्या बॅचने इतके दिले, मग आम्ही मागे का? बायकांनी मुलींच्या वसतिगृहासाठी वेगळा निधी उभा केला. पुढे १९४७ मध्ये या कॉलेजची सूत्रं जोमो केन्याटांकडे आली, तेच, केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष.

आता येतात आपले राजपुत्र. सातारा जिल्ह्यातलं औंध, यमाईचं औंध. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे. त्यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली, आणि त्या खटपटीत पुढे होता त्यांचा मुलगा, अप्पासाहेब पंत. १९४८ मध्ये नेहरूंनी या अप्पासाहेबांना भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवलं. तिथल्या ब्रिटिश साहेबांची अपेक्षा काय असणार? भारतीय दुकानदारांची गाऱ्हाणी ऐकेल, पार्ट्या देईल. अप्पासाहेबांनी दोस्ती केली ती कोइनांगे आणि केन्याटांशी. भारत सरकारने आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या, त्यांचा त्यांनी जोरात पाठपुरावा केला. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं, रेशनच्या रांगा लागलेल्या, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या. तरी नैरोबीच्या पोरांसाठी जागा काढल्या जात होत्या. मला हे शाळेत कुणी का नाही शिकवलं?

त्याच काळात म्युगो गाथेरू नावाचा एक किकुयू तरुण १९४९ मध्ये अलाहाबादला शिकायला आला आणि तिथून अमेरिकेला गेला. वसाहतीत जन्मलेल्या पोरासाठी भारत हा पुढच्या जगाचा दरवाजा होता, ही कल्पनाच मला नवीन होती.

ब्रिटिशांना हे फार दिवस रुचणार नव्हतंच. १९५२ मध्ये माऊ माऊ बंडामुळे आणीबाणी आली. किकुयूंच्या स्वतंत्र शाळा बंडखोरांचे अड्डे ठरवून बंद केल्या गेल्या. गिथुंगुरीचं कॉलेज सरकारने ताब्यात घेतलं, आणि जिथे शिक्षक घडायचे तिथे फाशीचा खांब उभा राहिला. अप्पासाहेबांविरुद्ध दिल्लीला तक्रारी गेल्या, आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावं लागलं.

म्हणजे बघा, वर्गणी काढून उभी केलेली, लोकांची स्वतःची शाळाव्यवस्था होती. ती मोडली गेली. नंतर जी पोकळी राहिली तिच्यात बाहेरून हात येऊ लागले. सगळ्यात गाजलेला म्हणजे "एअरलिफ्ट". टॉम म्बोया या तरुण कामगार नेत्याने अमेरिकन विद्यापीठांकडून शिष्यवृत्त्या मिळवल्या, विमानाच्या पैशासाठी हॅरी बेलाफोंटे, सिडनी पॉइटिए, बेसबॉलवाला जॅकी रॉबिन्सन अशा लोकांच्या सहीने आवाहन काढलं, आणि सप्टेंबर १९५९ मध्ये ८१ विद्यार्थी एका विमानाने न्यूयॉर्कला उतरले. पुढच्या वर्षी केनेडी घराण्याच्या फाउंडेशनने १ लाख डॉलर दिले. १९६३ पर्यंत जवळपास ८०० जण गेले. त्यांतली एक वांगारी मथाई, पुढे २००४ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळवणारी पहिली आफ्रिकन स्त्री.

८०० ही संख्या ऐकून भारी वाटतं. पण गावात राहिलेल्या लाखोंचं काय?

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. केन्याटांची घोषणा होती "हरांबे". जड वस्तू ओढताना आपण "हेइसा" म्हणतो ना, तसं, सगळ्यांनी मिळून जोर लावा. गावोगावी लोकांनी पुन्हा वर्गणी काढून हरांबे शाळा बांधल्या. उत्साह तोच, रीकावाला. पण शाळा बांधणं वेगळं आणि चालवणं वेगळं, हे प्रोजेक्ट लाइव्ह केलेल्या कुणालाही कळेल. मेंटेनन्सचा पैसा कुठून येणार? फीमधून. ज्याच्या बापाने भिंतीसाठी दगड वाहिले त्याचंच पोर फी नाही म्हणून त्या भिंतीबाहेर.

मोफत प्राथमिक शिक्षणाचं आश्वासन स्वातंत्र्याच्या वेळचं. १९७४ मध्ये पहिली ते चौथीची फी रद्द झाली खरी, पण शाळांनी तिच्या जागी "इमारत निधी" लावला. नाव बदललं, पावती तीच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तर सरकारनेच धोरण म्हणून खर्चाचा वाटा पालकांवर टाकला, आणि त्यामागे कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा दबाव होता. हिल्डे आजींचे १५ डॉलर ज्या फाटकातून आत गेले ते फाटक हे असं घडलेलं.

मग जानेवारी २००३. नवीन निवडून आलेल्या मवाई किबाकींच्या सरकारने सरकारी प्राथमिक शाळांची फी रद्द केली. हो, तेच २००३, ज्या वर्षी हिल्डे आजी गावात आल्या. काही आठवड्यांत शाळेतल्या मुलांची संख्या जवळपास ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. तेरा लाख पोरं, एका निर्णयाने! ती आधी कुठे होती? घरीच होती. शेतावर, गुरांमागे, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. एल्डोरेट भागातल्या एका शाळेत तर पुढच्या वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा युनिफॉर्म घालून पहिलीत दाखल झाले. त्यांचं म्हणणं, मोफत आहे ना, मग मला घ्या. सगळ्यात मोठ्या वयात प्राथमिक शाळेत नाव घातल्याचा गिनीजचा विक्रम त्यांच्या नावावर गेला.

अर्थात सिस्टीमवर अचानक लोड आला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एकेका वर्गात शंभर-शंभर मुलं, बाक नाहीत, शिक्षक तेवढेच. आणि हा पैसाही सगळा केनियाचा नव्हता, जागतिक बँक आणि ब्रिटनने हातभार लावला होता. म्हणजे दाता इथेही होताच. फक्त त्याला कुणा पोराचा फोटो दाखवावा लागला नाही.

पण माध्यमिकची फी राहिली. म्हणूनच म्बुरूचा फंड आठवीनंतरच्या मुलांना घ्यायचा. डॉक्युमेंटरीतला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. आठवीला तेव्हा केसीपीई नावाची परीक्षा असायची, ५०० मार्कांची. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणारी पोरं दिसतात. शिक्षक जीव तोडून शिकवतात. मग फंडाची मीटिंग, टेबलावर यादी, आणि कट-ऑफ. पैसे मोजकेच, मुलं जास्त. जो मुलगा स्वतः एका फीमुळे तरला, तोच आज मोठा होऊन कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही ते ठरवायला बसलाय. त्याचा चेहरा बघा त्या प्रसंगात. मी पॉज करून दोनदा पाहिला.

चित्रीकरण चालू असतानाच डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली पेटल्या. हजाराहून जास्त माणसं मेली. त्याच जानेवारीत सरकारने दिवसाच्या माध्यमिक शाळांची शिकवणी फी माफ केली. निवासी शाळांची राहिली, आणि चांगल्या शाळा बहुतेक निवासीच.

आता आकड्यांबद्दल थोडं, कारण आपल्यातले काही जण विचारणारच की या स्पॉन्सरशिपने खरंच फरक पडतो का. २०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी केनियासकट सहा देशांतल्या दहा हजारांवर लोकांचा अभ्यास छापला. एका मोठ्या संस्थेने लहानपणी स्पॉन्सर केलेली माणसं घेतली आणि त्यांच्याच भावंडांशी वगैरे तुलना केली. फरक निघाला एक ते दीड वर्ष जास्त शिक्षणाचा. शाळेची एक-दोन इयत्ता. हार्वर्ड नव्हे, पण खोटंही नव्हे. दुसऱ्या बाजूला १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतःच वेगवेगळ्या संस्थांमार्फत मुलं स्पॉन्सर करून पाहिली. त्यांच्यातली मालीमधली एक मुलगी वीज पडून गेली होती, आणि त्यानंतरही जवळपास दोन वर्षं तिच्या नावाने पैसे घेतले जात होते. म्हणजे माझ्या टेम्प्लेटवाल्या पत्राचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता.

रविवारी घरी गेले तेव्हा जेवताना बाबांना हे सगळं सांगत होते. बाबा म्हणाले, "मला कोण स्पॉन्सर होतं माहितेय? ईबीसी." म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून फी माफ. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणायला तीन खेपा घातल्या, एवढंच त्यांना आठवतं. मी विचारलं, कुणाला आभाराचं पत्र लिहावं लागलं का? ते हसले. "कुणाला लिहिणार? तहसीलदाराला?"

त्या हसण्यावर मी बराच वेळ अडकले होते. माझ्या स्पॉन्सर मुलीला दर तीन महिन्यांनी बसून मला पत्र लिहावं लागतं. तिला गणित आवडतं की नाही देव जाणे. कदाचित तिला त्या तासाला खेळायला जायचं असेल. मजकूर फळ्यावर लिहून देणाऱ्या बाईंचीही मला आता थोडी दया येते, कारण चाळीस मुलांकडून चाळीस वेगळी प्रेमळ पत्रं काढून घेणं हे काय काम आहे का? आणि ते मागणारे कोण, तर आम्हीच, पीडीएफ उघडून बघणारे.

मी ऑटो-डेबिट बंद केलेलं नाही, निदान आज तरी. संस्थेला एक मेल टाकला. तीन प्रश्न विचारले. तिची सरकारी शाळा आहे आणि तिथे फी नाही, तर माझे पैसे नेमके कशावर जातात? तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरींना त्यातलं काही मिळतं का? आणि मला पत्र नको असेल तर तिला लिहिण्यातून सूट द्याल का?

पहिल्या दोन प्रश्नांवर उत्तर आलं, की पैसे एकत्र करून वस्तीतल्या सगळ्याच मुलांच्या अभ्यासवर्गावर आणि शिक्षिकेच्या मानधनावर जातात. म्हणजे "माझी" मुलगी अशी कुणी नाहीच, फोटो तेवढा तिचा. खरं सांगू, हे ऐकून मला बरं वाटलं. हे आधीच सांगितलं असतं तर पैसे भरले असते का, माहीत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय. आलं की पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगते. तोपर्यंत तुमच्या घरात कुणाची फी कुणी भरली होती, मामाने, वसतिगृहाने, ईबीसीने, कुणा अनोळखी माणसाने, ते आई-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत ठेवा प्लीज, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. भेटूया.